सायकल मार्गिका रिकामी दिसते, मग तिचा खर्च सार्थ कसा ठरवायचा?

प्रश्न असा विचारला गेला आहे की, शहराने मुख्य रस्त्याची रुंदी कमी करून सायकल मार्गिका बांधली, परंतु दिवसाच्या बहुतेक वेळी ती रिकामीच दिसते. तेव्हा तिच्यावरचा खर्च आणि तिला दिलेली जागा समर्थनीय ठरावी इतके सायकलस्वार अशा मार्गिकांवर खरोखर येतात का? वाहतूक नियोजनाच्या कामात हा प्रश्न लोकप्रतिनिधींपासून दुकानदारांपर्यंत सर्वांनी मला विचारला आहे, आणि त्यात गैर काही नाही. सार्वजनिक पैसा आणि त्याहूनही दुर्मीळ अशी रस्त्याची जागा खर्ची पडत असेल, तर हिशेब मागितलाच पाहिजे. माझे उत्तर थोडक्यात असे की, सलग असलेल्या, वाहनांपासून भौतिक अडथळ्याने वेगळ्या केलेल्या आणि लोकांना जिथे जायचे आहे तिथपर्यंत पोहोचणाऱ्या मार्गिकांचे जाळे दाट वस्तीच्या शहरात पुरेसे सायकलस्वार आणते, याचा पुरावा भक्कम आहे. तुकड्यातुकड्यांची, नुसत्या रंगाच्या पट्ट्याने आखलेली मार्गिका मात्र बहुधा आणत नाही, आणि तिची वकिली करण्याची माझी इच्छा नाही. परंतु ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे ठरवल्याखेरीज हा वाद पुढे सरकत नाही, म्हणून आधी त्याकडे वळतो.

सिग्नलला अडकलेल्या मोटारीतून शेजारची मार्गिका रिकामी दिसते, हे खरे आहे. पण ती तशी का दिसते, याचा हिशेब करून पाहावा. एका मार्गिकेवरून गर्दीच्या तासात ३०० सायकली जात असतील, तर सरासरीने दर १२ सेकंदांनी एक सायकल जाते. ताशी १५ किलोमीटर वेगाने दोन सायकलींमध्ये सुमारे ५० मीटरचे अंतर पडते, म्हणजे कोणत्याही क्षणी काढलेल्या छायाचित्रात १०० मीटरच्या पट्ट्यात जेमतेम दोन सायकलस्वार दिसतील. त्याच १०० मीटरमध्ये थांबलेल्या मोटारींची रांग असेल, तर एका मोटारीला ७ मीटर धरून १४ गाड्या मावतात आणि रस्ता भरून वाहतो असे वाटते. प्रत्यक्षात त्या रांगेत माणसे असतात १८ च्या आसपास, आणि तीही त्या क्षणी कुठेच जात नसतात. साचून राहणारी वाहतूक डोळ्यांत भरते, सरकत राहणारी भरत नाही. म्हणून रिकामेपणाच्या छायाचित्राला, ते कोणत्याही बाजूने दाखवले तरी, मी पुरावा मानत नाही.

आता त्या जागेने आधी किती माणसांची सोय केली, ते पाहू. मोकळ्या रस्त्यावर एका मार्गिकेतून तासाला १,८०० मोटारी जाऊ शकतात असे ढोबळमानाने धरतात, पण शहरात चौकातला सिग्नल निम्म्याहून कमी वेळ हिरवा असतो. हिरव्याचा वाटा ४० टक्के धरला, तर ७२० मोटारी, आणि मोटारीमागे सव्वा ते दीड माणूस धरले तर ९०० ते १,०८० माणसे. म्हणजे चालू मार्गिका काढून सायकलींना दिली, तर गर्दीच्या तासाला साधारण तितक्या सायकली आल्याशिवाय माणसांच्या वहनाची बरोबरी होत नाही. हा आकडा मोठा आहे, बहुतेक शहरांतल्या बहुतेक मार्गिका तिथे पोहोचत नाहीत, आणि हे समर्थकांनी मोकळेपणाने मान्य करावे.

पण व्यवहारात बहुतेक वेळा मार्गिकेची जागा चालू वाहतुकीतून काढलेली नसते. ती कडेच्या पार्किंगमधून काढलेली असते, आणि तिथे गणित वेगळे होते. रस्त्याच्या एका बाजूला एक किलोमीटर लांबीत चौक, बस थांबे आणि आवारांची प्रवेशद्वारे वजा जाता १०० ते ११० मोटारी उभ्या राहतात. एका जागेवर दिवसभरात ६ मोटारी येऊन गेल्या आणि प्रत्येकीत दीडच्या खालीच माणसे होती असे धरले, तर तो किलोमीटर दिवसाला ८०० ते ९०० माणसांच्या उपयोगी पडतो. त्याच्या जागी आलेली मार्गिका दिवसाकाठी हजारभर फेऱ्या वाहत असेल, तर ‘कोणी वापरत नाही’ हा आरोप टिकत नाही. ती २०० फेऱ्यांवर अडकली असेल, तर दुकानदाराच्या तक्रारीत तथ्य आहे. प्रस्तावात ही तुलना मांडलेली असावी असा माझा आग्रह असतो, आणि ती क्वचितच मांडलेली असते.

चालू मार्गिका काढली तरी तिच्यातली सगळी वाहने शेजारच्या रस्त्यांवर जाऊन कोंडी करतात, असेही दरवेळी घडत नाही. रस्त्याची जागा कमी केल्याची ११ देशांतली सत्तरएक उदाहरणे ब्रिटिश संशोधकांनी तपासली तेव्हा, आजूबाजूचे रस्ते धरूनही, उदाहरणे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या उदाहरणात सुमारे ११ टक्के वाहतूक दिसेनाशी झाल्याचे आढळले: काही प्रवास वेगळ्या वेळी झाले, काही वेगळ्या साधनाने, काही झालेच नाहीत. तरीही ११ टक्के म्हणजे सगळी नव्हे, आणि उरलेली कुठे जाईल याचा आराखडा आधी हवा.

मार्गिका केल्याने सायकलस्वार वाढतात का, यावर सर्वांत स्वच्छ म्हणता येईल असा पुरावा २०२० च्या महामारीने नकळत दिला. युरोपातील शहरांनी रातोरात तात्पुरत्या मार्गिका आखल्या. काहींनी केल्या, काहींनी केल्या नाहीत, त्यामुळे तुलना करता आली. १०६ शहरांच्या मोजणी यंत्रांवरील आकड्यांच्या अभ्यासात मार्च ते जुलै २०२० या काळात, ज्या शहरांनी अशा मार्गिका केल्या तिथे सायकल वाहतूक त्या मार्गिकांमुळे ११ ते ४८ टक्क्यांनी वाढल्याचा निष्कर्ष निघाला, आणि त्यासाठी सरासरी ११.५ किलोमीटर लांबी पुरली. तो काळ असाधारण होता, लोक बस आणि मेट्रो टाळत होते, ही शंका रास्त आहे. पण महामारीचा परिणाम तर मार्गिका न करणाऱ्या शहरांवरही होत होता, आणि संशोधकांनी तो हिशेबात धरला होता. पॅरिस हे त्यांपैकीच एक शहर. तिथल्या प्रादेशिक नियोजन संस्थेने २०२२-२३ मध्ये जीपीएसच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत, शहराच्या हद्दीतल्या प्रवासांपैकी सुमारे ११ टक्के सायकलीने आणि सुमारे ४ टक्के मोटारीने होत असल्याचे आढळले. तिथे मोटारीचा वाटा आधीच कमी होता, हेही लक्षात ठेवावे. मेट्रोचे दाट जाळे नसलेल्या शहराने या आकड्याची आशा धरू नये.

माझ्या मते त्याहून बोधप्रद उदाहरण स्पेनमधील सेव्हिलचे आहे, कारण तिथे सायकलची परंपरा जवळजवळ नव्हतीच आणि उन्हाळा भाजून काढणारा असतो. तिथल्या महापालिकेने २००६-०७ च्या सुमारास सुमारे ८० किलोमीटरचे जाळे एकदम बांधले आणि २०१० पर्यंत ते १२० किलोमीटरच्या घरात नेले. सायकल प्रवासाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता, तो काही वर्षांत ६ टक्क्यांच्या आसपास गेला. काम एकदम केले गेले, आणि मार्गिका वाहनांपासून वेगळ्या होत्या. या दोन गोष्टींना मी त्या यशाचे मोठे श्रेय देतो.

वेगळेपणाचे महत्त्व कोपनहेगनच्या आकड्यांतही दिसते. तिथे आधीच्या आणि नंतरच्या मोजणीची तुलना केली असता, उंच कडेने वेगळ्या केलेल्या मार्गांवर सायकल वाहतूक १८ ते २० टक्क्यांनी वाढली, तर नुसत्या पट्ट्याने आखलेल्या मार्गिकांवर ५ ते ७ टक्क्यांनीच. ज्या शहरात सायकल हे रोजचे वाहन आहे तिथे हा फरक असेल, तर जिथे सायकलस्वार घाबरून रस्त्यावर येतच नाहीत तिथे तो किती मोठा असेल, याची कल्पना करावी. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या महापालिकेतील सायकल समन्वयक रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये लोकांची ढोबळ विभागणी मांडली होती: कुठेही बेधडक सायकल चालवणारे १ टक्क्याहून कमी, थोडी सोय असली की चालवणारे ७ टक्के, इच्छा आहे पण भीती वाटते असे ६० टक्के, आणि काही केल्या चालवणार नाहीत असे ३३ टक्के. हे आकडे अनुभवी अंदाज होते, पाहणीतून आलेले नव्हते. पण त्यांतला रोख बरोबर आहे. रंगाचा पट्टा दुसऱ्या गटाला पुरतो. त्याच्यासाठी इतका खटाटोप करण्याची गरज नाही, कारण तो गट तसाही रस्त्यावर असतो. खर्च सार्थ व्हायचा तो तिसऱ्या गटामुळे, आणि तो गट ट्रक अंगावरून जाईल अशा जागी पांढऱ्या रेषेच्या भरवशावर मुलाला घेऊन येत नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका त्याच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. सायकलस्वार मार्गिकेसाठी घराबाहेर पडत नाही. तो घरापासून कामापर्यंत किंवा शाळेपर्यंत जायला निघतो, आणि त्या वाटेवरचा सर्वांत वाईट चौक त्याचा निर्णय ठरवतो. चार किलोमीटरपैकी साडेतीन किलोमीटर उत्तम मार्गिका असेल आणि मधला अर्धा किलोमीटर उड्डाणपुलाखालच्या बेशिस्त चौकातून जात असेल, तर साडेतीन किलोमीटरचा खर्च वाया गेल्यात जमा आहे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराचा असा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. शांत, निर्धोक अंतर्गत रस्ते तिथे भरपूर होते, पण ते मोठ्या रस्त्यांनी बेटांसारखे तोडलेले असल्यामुळे, सायकलीच्या टप्प्यातल्या कामावर जाण्याच्या प्रवासांपैकी जेमतेम ५ टक्के प्रवास सर्वसाधारण प्रौढाला सोसवेल अशा रस्त्यांवरून सलग पूर्ण होऊ शकत होते. अशा शहरात एक तुकडा बांधून त्यावर माणसे मोजणे म्हणजे आधीच ठरलेला निकाल वाचून दाखवणे आहे.

डच लोक हे फार पूर्वी शिकले. १९७० च्या दशकात द हेग आणि टिलबर्ग येथे सरकारी मदतीने एकेक सुंदर, खर्चिक मार्ग बांधला गेला. त्यांवर गर्दी झाली, पण तपासणीअंती असे दिसले की बरेच सायकलस्वार शेजारच्या रस्त्यांवरून तिकडे सरकले होते आणि शहरातला एकूण वापर फारसा बदलला नव्हता. १९८० च्या दशकात डेल्फ्टमध्ये एकाच राजमार्गाऐवजी संपूर्ण शहराच्या जाळ्यातल्या तुटलेल्या जागा जोडण्यात आल्या, आणि तिथे सायकलचा वाटा ४० वरून ४३ टक्क्यांवर गेला. ३ टक्के बिंदूंची वाढ किरकोळ वाटेल, पण आधीच ४० टक्क्यांवर असलेल्या शहरात ती किरकोळ नव्हे.

विरोधी उदाहरणेही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवीत. इंग्लंडमधील स्टीव्हनेज या नव्या शहरात मुख्य अभियंता एरिक क्लॅक्स्टन यांनी वेगळे मार्ग, भुयारी ओलांडण्या, सगळे काही डच धर्तीवर करून ठेवले. मिल्टन कीन्समध्येही वेगळ्या मार्गांचे मोठे जाळे आहे. तरीही दोन्ही ठिकाणी कामाला सायकलीने जाणाऱ्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास राहिले, कारण मोटारीने जाणे तिथे त्याहूनही सोपे करून ठेवले होते: रुंद रस्ते, मुबलक पार्किंग, कोंडी नाही. पोर्टलंडमध्ये कामाला सायकलीने जाणाऱ्यांचा वाटा २०१४ मध्ये ७ टक्क्यांवर पोहोचला होता. त्यानंतर मार्गिका वाढत असतानाही तो घसरत गेला आणि २०२१ मध्ये ३ टक्क्यांच्या खाली आला. घरून काम हे त्याचे एक कारण, पण घसरण महामारीच्या आधीच सुरू झाली होती. मार्गिका ही आवश्यक अट असू शकते, पुरेशी अट नव्हे. घर आणि काम यांतले अंतर, पार्किंगची किंमत आणि मोटारीची सोय यांना वगळून तिचे यशापयश मोजता येत नाही.

नदीत पोहणाऱ्यांची संख्या मोजून पुलाची गरज ठरवत नाहीत, असा दाखला सायकलप्रेमी नेहमी देतात. दाखला चटकदार आहे, परंतु त्याच्या आधाराने वाटेल तिथे वाटेल तो पूल मागता येतो, आणि म्हणून तो मला अर्धाच पटतो. पोहणारे मोजू नयेत हे बरोबर, पण पलीकडे जाण्याची गरज किती जणांना आहे ते मोजलेच पाहिजे. ते करता येते. इंग्लंडमध्ये ‘प्रोपेन्सिटी टू सायकल टूल’ या नावाचे साधन जनगणनेतील घर ते काम या प्रवासांची माहिती घेऊन, अंतर आणि चढ लक्षात घेऊन, कोणत्या रस्त्यावर किती सायकलस्वार येऊ शकतील याचा अंदाज देते. ज्या पट्ट्यात ५ किलोमीटरच्या आतले प्रवास थोडे आहेत, तिथे कितीही चांगली मार्गिका बांधली तरी ती ओस पडणार. ई-सायकलमुळे ही मर्यादा काहीशी लांबली आहे, नाहीशी झालेली नाही.

मोजणीबद्दल थोडे तपशिलाने सांगतो, कारण बरेचसे वाद वाईट मोजणीतून निर्माण होतात. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्या स्वस्त असतात, पण दोन-तीन सायकली एकत्र गेल्या की त्या कमी मोजतात. डांबरात पुरलेले चुंबकीय वेटोळे टिकाऊ असते, परंतु मार्गिका सोडून पदपथावरून किंवा मुख्य रस्त्यावरून जाणारा सायकलस्वार त्याला कळत नाही. उन्हाळ्यातला एक मंगळवार आणि पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातला एक शनिवार यांची तुलना करून वाढ किंवा घट जाहीर केलेली मी पाहिली आहे. अशा आकड्यांवरून कोणी एक खांबही हलवू नये. मला हवी असते ती सलग वर्षभराची मोजणी, बांधकामाच्या आधीपासूनची, आणि केवळ त्या रस्त्यावरची नव्हे तर त्याला समांतर असलेल्या सगळ्या रस्त्यांवर एक काल्पनिक रेघ ओढून तिला ओलांडणाऱ्या प्रत्येकाची. समांतर रस्त्यावरून ४०० सायकली कमी झाल्या आणि मार्गिकेवर ५०० वाढल्या, तर नवे सायकलस्वार १०० आहेत. ज्यांनी वाट बदलली त्यांची सुरक्षितता वाढली हा लाभ खराच, पण तो वेगळ्या रकान्यात लिहावा.

नवे सायकलस्वार आले कुठून, हाही प्रश्न विचारावा. प्रत्येक सायकलीमागे एक मोटार कमी झाली असे गृहीत धरून प्रदूषणाची बचत दाखवणारे अहवाल मी बाजूला ठेवतो, कारण अनेक शहरांत नव्या सायकलस्वारांतला मोठा भाग बसमधून किंवा पायी चालण्यातून आलेला असतो. खर्च-लाभाच्या हिशेबात सर्वांत जड पारडे आरोग्याचे असते. जागतिक आरोग्य संघटनेचे हिशेबाचे साधन, आठवड्याला १०० मिनिटे सायकल चालवणाऱ्या प्रौढांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होतो, असे धरते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१० मध्ये मोटार सोडून सायकलीकडे वळणाऱ्यांचा हिशेब मांडला तेव्हा व्यायामामुळे वाढणारे आयुष्य ३ ते १४ महिने आले, तर प्रदूषित हवेमुळे कमी होणारे फार तर ४० दिवस आणि अपघातांमुळे ५ ते ९ दिवस. हा हिशेब डच रस्त्यांचा आहे. जिथे रस्ते धोकादायक आहेत तिथे अपघाताचा आकडा मोठा होईल.

न वापरणाऱ्यांनाही काही मिळते का? न्यूयॉर्कमध्ये प्रॉस्पेक्ट पार्क वेस्ट या रस्त्यावर २०१० मध्ये मोटारींची एक मार्गिका कमी करून संरक्षित सायकल मार्ग झाला, त्यावर खटलाही झाला. शहराच्या मोजणीनुसार आठवड्यातील कामाच्या दिवशी सायकलस्वार जवळपास तिप्पट झाले; पण वेगमर्यादा ओलांडणारी वाहने चारांपैकी तीन होती ती पाचांपैकी एकावर आली, आणि पदपथावरून जाणाऱ्या सायकलींचे प्रमाण जवळपास निम्म्यावरून अगदी थोड्यावर आले, हे मला अधिक मोलाचे वाटते. अमेरिकेतील १२ मोठ्या शहरांच्या १३ वर्षांच्या आकड्यांचा २०१९ मधील अभ्यासही संरक्षित मार्गिका असलेल्या शहरांत सर्वच रस्ता वापरणाऱ्यांचे मृत्यू कमी असल्याचे सांगतो. दुसऱ्या बाजूला, वर उल्लेखलेल्या कोपनहेगनच्या अभ्यासात वेगळे मार्ग झाल्यावर अपघात ९ ते १० टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि तेही मुख्यतः चौकांत. चौकाची रचना न बदलता दोन चौकांमधला सरळ भाग तेवढा सजवला, तर धोका पुढे ढकलला जातो.

चांगले जुळून आले तर आकडे किती बोलके होतात, हे लंडनने दाखवले. २०१६ मध्ये ब्लॅकफ्रायर्स पूल आणि एम्बँकमेंट येथील मार्ग सुरू झाल्यानंतर तिथल्या वाहतूक संस्थेने मोजले, तेव्हा गर्दीच्या वेळी रस्त्याच्या ३० टक्के जागेतून ४६ टक्के माणसे जात होती. वर मी मांडलेली कठीण कसोटी, म्हणजे चालू मार्गिका काढून बरोबरी साधण्याची, तिथे पार पडली.

कोणत्या शहराने काय करावे, याबद्दल माझा सल्ला कॅलगरीच्या वाटेने जाण्याचा आहे. कॅनडातल्या या थंड, मोटारप्रधान शहराने २०१५ मध्ये मध्यवस्तीत ६.५ किलोमीटरचे जाळे चाचणी म्हणून एकदम उभारले. खांब आणि काँक्रीटच्या अडसरांसारखे हलवता येणारे साहित्य वापरले, मोजणी जाहीर करत राहिले, आणि चाचणी सरल्यावर डिसेंबर २०१६ मध्ये नगर परिषदेने मतदान करून ते कायम केले. मोजणीच्या अटी आधी लिहून ठेवाव्यात: किती महिन्यांनी, कोणत्या रेघेवर, कोणत्या आकड्याच्या खाली आले तर साहित्य उचलायचे. तीन महिन्यांत निकाल मागू नये, कारण लोकांना सवय बदलायला, सायकल दुरुस्त करून घ्यायला आणि मुलांना त्या वाटेने पाठवण्याचा धीर व्हायला निदान दोन वर्षे लागतात. कायमचे बांधकाम रस्त्याच्या नियमित डांबरीकरणाला किंवा जलवाहिनीच्या कामाला जोडून करावे, जसे मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजने २०१९ च्या अध्यादेशाने बंधनकारक केले. गटारे आणि सिग्नलचे खांब हलवण्याचा खर्च हाच सर्वांत मोठा असतो, आणि रस्ता तसाही उघडलेला असेल तर तो बराच वाचतो. आणि जाळ्याशी जोडली जाण्याची शक्यता नसलेली, दोन वर्षांच्या नीट मोजणीनंतरही ओस पडलेली एकटी मार्गिका असेल, तर ती काढून तिथे पदपथ रुंद करायला माझी हरकत नसते.